सहा वाजून अकरा मिनिटं: एका लघु गॅमा-किरण स्फोटाचा नाशिकमधून काढलेला माग

टीवायबीएस्सीच्या तिघांनी प्रकल्पासाठी विषय मागितला, तेव्हा मी त्यांना फळ्यावर फक्त एक तारीख लिहून दिली: १७ ऑगस्ट २०१७. त्या दिवशी नासाच्या फर्मी उपग्रहाने पकडलेला दोन सेकंदांचा गॅमा-किरण स्फोट (इंग्रजीत गॅमा-रे बर्स्ट, म्हणून नाव जीआरबी १७०८१७ए), त्यांनी सार्वजनिक डेटातून स्वतः शोधायचा होता. शोधनिबंधातला आलेख छापून फाइलीत चिकटवायचा नाही, एवढीच अट. मुलगी सिन्नरची, एक मुलगा ओझरचा आणि दुसरा दिंडोरीहून रोज एसटीने येणारा. मला हे पंधरा दिवसांचं काम वाटलं होतं. त्याला अडीच महिने लागले. ते का लागले, याची ही नोंद आहे.

या स्फोटाची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षं दूर, वासुकी तारकासमूहातल्या एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत दोन न्यूट्रॉन तारे, म्हणजे मोठ्या ताऱ्यांचे अतिघन गाभे, एकमेकांभोवती फिरत आदळले. अमेरिकेतल्या लायगो आणि इटलीतल्या व्हर्गो या वेधशाळांनी त्यांच्या गुरुत्वीय लहरी टिपल्या आणि १.७ सेकंदांनी फर्मीवर गॅमा किरण पोचले. एकाच घटनेच्या लहरी आणि प्रकाश दोन्ही हाती लागण्याची ती पहिलीच वेळ. गोष्ट इतकी ऐकीव झाली आहे की आलेखावर एक भलामोठा सुळका दिसेल अशीच मुलांची समजूत होती. खरं सांगायचं तर थोडी माझीही होती.

दुर्बीण हा शब्द इथे फसवा आहे

फर्मीवर जीबीएम नावाचं उपकरण आहे. त्यात भिंग नाही, आरसा नाही. सोडियम आयोडाइडच्या स्फटिकाच्या बारा चकत्या, प्रत्येकी १२.७ सेंटिमीटर व्यासाच्या, उपग्रहाच्या अंगावर वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसवल्या आहेत. जास्त ऊर्जेसाठी आणखी दोन वेगळे डिटेक्टर आहेत. गॅमा फोटॉन, म्हणजे गॅमा किरणाचा एक कण, स्फटिकात शिरला की एक बारीकशी चमक होते, ती मोजली जाते आणि तिची वेळ आणि ऊर्जा लिहिली जाते. चित्र निघत नाही, हाती राहते ती मोजणी. दिशा काढायची ती कोणत्या चकतीत जास्त मोजणी झाली आणि कोणत्या चकतीत कमी, यावरून. म्हणून जीबीएमने दिलेली दिशा ढोबळ असते. या स्फोटासाठी ती सुमारे ११०० चौरस अंशांचा पट्टा एवढी होती. पूर्ण चंद्र आकाशाचा ०.२ चौरस अंश व्यापतो, यावरून अंदाज यावा.

हे जमिनीवरून का करायचं नाही? आपल्या डोक्यावरची हवा म्हणजे वजनाने दहा मीटर पाण्याचा थर. गॅमा किरण त्यात वरच्या वर जिरतात. अणुचाचण्यांवर नजर ठेवणाऱ्या अमेरिकेच्या वेला उपग्रहांनी १९६७ मध्ये पहिला स्फोट टिपला तोही वरूनच, आणि जगाला ते कळलं १९७३ मध्ये. पुढे बॅट्से या उपकरणाने नऊ वर्षांत २७०४ स्फोट नोंदवले. त्यांचे कालावधी मांडले की दोन ढीग पडतात आणि मधली दरी साधारण दोन सेकंदांवर येते, हे १९९३ मध्ये दाखवलं गेलं. दोन सेकंदांच्या अलीकडचे ते लघु, पलीकडचे दीर्घ. आपल्या स्फोटाचा कालावधी २.० सेकंद, त्यात अर्ध्या सेकंदाची चूकभूल. म्हणजे पठ्ठ्या नेमका उंबऱ्यावर बसलेला.

चुकीचा तास आणि त्यातला खोटा सुळका

जीबीएमचा सलग डेटा तासातासाच्या फाइलींमध्ये मिळतो. प्रत्येक फोटॉनची वेळ दोन मायक्रोसेकंदांपर्यंत नेमकी आणि ऊर्जेचे १२८ कप्पे. एका डिटेक्टरची एक फाइल उतरवायलाही आमच्या लॅबच्या वायफायला घाम फुटायचा, त्यामुळे मुलं रात्री घरून मोबाइलच्या डेटावर उतरवून पेनड्राइव्हमध्ये आणत.

पहिल्या आठवड्यात ओझरचा मुलगा धावत आला. "सर, सापडला!" आलेखावर खरोखरच एक सुळका होता, अणकुचीदार आणि देखणा. मी चहा मागवला. मग सहज विचारलं, फाइल कोणत्या तासाची? तो म्हणाला, "सात झेड." फाइलीच्या नावात तासापुढे येणारा झेड म्हणजे जागतिक वेळ.

घटना १२ वाजून ४१ मिनिटांची. त्याने ती भारतीय वेळ धरली, तीतून साडेपाच तास वजा केले आणि सकाळी सातची फाइल उतरवली. मुळात १२:४१ हीच जागतिक वेळ होती. भारतीय वेळेत मांडायची तर साडेपाच तास मिळवायचे. संध्याकाळचे ६ वाजून ११ मिनिटं.

मग तो सुळका कशाचा? सिन्नरच्या मुलीने बाकीच्या अकरा डिटेक्टरांचे आलेख एकाखाली एक लावले. सुळका फक्त एकातच होता. आकाशातून आलेला स्फोट एका चकतीवर पडतो आणि शेजारच्या चकतीला त्याचा पत्ताच नसतो, असं होत नाही. एखादा जड वैश्विक कण स्फटिक भेदून गेला की स्फटिक काही क्षण चमकत राहतो आणि मोजणी उसळते. म्हणूनच उपग्रहावरची यंत्रणा किमान दोन डिटेक्टरांनी एकाच वेळी उसळी दाखवल्याशिवाय ट्रिगर, म्हणजे स्फोटाचा इशारा, देत नाही.

चुकीच्या फाइलीने हा नियम शिकवला तो बरोबर फाइलीने शिकवला नसता. हे मी मुलांना तेव्हा सांगितलं नाही. चहा आधीच मागवून ठेवल्याची लाज वाटत होती.

बरोबर तास, आणि काहीच नाही

बारा झेडची फाइल आली. तिघांनी बाराही डिटेक्टर एकत्र केले, सगळी ऊर्जा घेतली, एक-एक सेकंदाचे बिन, म्हणजे वेळेचे कप्पे, पाडले आणि १२:४१:०६ वर नजर लावली. तिथे काहीच नव्हतं. एक किंचितसा उंचवटा, तसे आजूबाजूला कितीतरी.

दिंडोरीचा मुलगा वैतागला. "सर, नासावाल्यांना दिसलं ते आपल्याला का दिसत नाही?" प्रश्न रास्त होता. हिशेब फळ्यावर मांडला, आकडे सोयीसाठी गोल धरून. एका डिटेक्टरमध्ये सगळ्या ऊर्जांची मिळून सेकंदाला हजारेक मोजणी स्फोटाशिवायच होत असते, तर बारांत बारा हजार. अशा मोजणीचा नैसर्गिक चढउतार तिच्या वर्गमुळाएवढा, म्हणजे ११० च्या आसपास. स्फोटाने एकूण २४० फोटॉनांची भर घातली तर ती झाली २.२ सिग्मा, म्हणजे त्या चढउताराच्या २.२ पट. एवढे उंचवटे तासाभरात पन्नासेक वेळा निव्वळ योगायोगाने येतात. स्फोट फाइलीत होता, पण आम्ही त्याला गर्दीत ढकलून दिलं होतं.

आता उलट करायचं. स्फोटाकडे तोंड असलेले सोडियम आयोडाइडचे डिटेक्टर तीनच होते, क्रमांक १, २ आणि ५. बाकीचे नऊ फक्त गोंगाट वाढवत होते. ऊर्जा ५० ते ३०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट (फोटॉनच्या ऊर्जेचं माप) एवढीच ठेवली, कारण लघु स्फोटांचा जोर तिथे असतो आणि खालच्या ऊर्जेतली पार्श्वभूमी गळून पडते. बिन केला २५६ मिलिसेकंदांचा. एका डिटेक्टरची पार्श्वभूमी सेकंदाला ३०० धरली तर एका बिनात ७७ मोजणी, चढउतार ९. त्यावर चाळीस फोटॉनांची भर म्हणजे साडेचार सिग्मा. तिन्ही मिळून आठच्या घरात.

आलेख पुन्हा काढला. या वेळी तो दिसला. लहानसा, अर्ध्या सेकंदाच्या आसपासचा, पण तिन्ही डिटेक्टरांत एकाच ठिकाणी. कोणी धावलं नाही, ओरडलं नाही. सिन्नरच्या मुलीने आधी फाइलीचं नाव वाचलं, मग तास वाचला, मग म्हणाली, "आहे."

दुतोंड्या मारुती आणि साडेचार सिग्मा

उसळी किमान साडेचार सिग्माची असेल तरच उपग्रह इशारा देतो. साडेचारच का? तीन का नाही? हा प्रश्न समजावायला नाशिककराला फार लांब जावं लागत नाही. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की अख्खं शहर एकच विचारतं, गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत आलं? गुडघ्याला, कमरेला, छातीला. पुराचं हे आपलं माप. पण नुसती पातळी पाहून इशारा द्यायचा ठरवलं तर भर पावसाळ्यात रोजच भोंगा वाजेल, कारण ऑगस्टमध्ये गोदेचं पाणी तसंही चढलेलंच असतं. खरं पाहायचं ते गेल्या काही वेळाच्या सरासरीपेक्षा आत्ता अचानक किती चढलं. फर्मीलाही तेच करावं लागतं. पृथ्वीभोवती फिरताना त्याची पार्श्वभूमी सतत वरखाली होते. म्हणून उपग्रह आधीच्या काही सेकंदांची सरासरी जवळ ठेवतो आणि नवा बिन तिच्याशी ताडून पाहतो.

किती चढलं की भोंगा वाजवायचा, हा मात्र खोट्या इशाऱ्यांचा हिशेब. दिवसाचे २५६ मिलिसेकंदांचे बिन पाडले तर ३,३७,५०० होतात. तीन सिग्माची उसळी योगायोगाने यायची शक्यता हजारात १.३५, म्हणजे एका डिटेक्टरमध्ये दिवसाला साडेचारशेहून जास्त खोटे इशारे. साडेचार सिग्माला ते दिवसाला एकावर येतात. आणि दोन डिटेक्टर एकदम हवेत असं म्हटलं की योगायोग जवळपास संपतोच. हा तक्ता मुलांनी स्वतः केला आणि प्रकल्पातलं मला सगळ्यांत आवडलेलं पान तेच. फर्मीने या स्फोटाचा इशारा कोणाच्याही सांगण्यावरून दिलेला नाही. गुरुत्वीय लहरींची बातमी फुटण्याआधी, ट्रिगरनंतर १४ सेकंदांत, त्याची सूचना आपोआप जमिनीवर आली होती. स्फोट आणखी थोडा मंद असता तर ती आली नसती.

तो मंद का होता? लघु स्फोटाचा झोत अरुंद असतो आणि तो नेमका आपल्याकडे रोखलेला असला की लखलखतो. इथे झोत आपल्याला चुकवून शेजारून गेला होता, आपण त्याला तिरके पाहत होतो. एवढ्या जवळ घडूनही त्याची ऊर्जा नेहमीच्या लघु स्फोटांच्या तुलनेत किमान शेकडो पटींनी कमी भरली.

लहरींशी असलेलं नातंही मुलांनी ऐकीव धरलं नाही. जीबीएमला वर्षाला सुमारे ४० लघु स्फोट सापडतात. कुठल्यातरी भलत्याच स्फोटाने लहरींच्या अलीकडे-पलीकडे दोन सेकंदांच्या आत येण्याची शक्यता किती? अलीकडचे-पलीकडचे मिळून चार सेकंद घ्या, चाळीसने गुणा, वर्षाच्या सेकंदांनी भागा: दहा लाखांत ५. शिवाय दोघांच्या दिशा जुळण्याची शक्यता साधारण शंभरात एक, म्हणजे दहा कोटींत ५. लायगो-फर्मीच्या शोधनिबंधात हाच आकडा आहे. दिंडोरीचा मुलगा बराच वेळ कॅल्क्युलेटरकडे पाहत बसला होता.

"मग आपल्या उपग्रहाला का नाही दिसलं?"

हा प्रश्न येणारच होता आणि माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथेच आहे.

इस्रोचा खगोल उपग्रह ॲस्ट्रोसॅट २८ सप्टेंबर २०१५ पासून ६५० किलोमीटर उंचीवरून फिरत होता. त्यावरचं सीझेडटीआय हे उपकरण लघु स्फोट पकडण्यात वाकबगार, त्याचा डेटा पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्रात हाताळला जातो. २०२३ मध्ये त्याने सहाशेवा स्फोट नोंदवला. मुलांना तिथे शून्य सापडलं आणि चेहरे पडले.

मी त्यांना आधी नाशिकचं आकाश काढायला लावलं. १७ ऑगस्टला संध्याकाळी ६:११ ला एनजीसी ४९९३ कुठे होती? उत्तर आलं: नैर्ऋत्येला, क्षितिजापासून सुमारे ३६ अंश वर. सूर्य अजून मावळायचा होता. म्हणजे कॉलेजरोडवर संध्याकाळची गर्दी सुरू होत असताना ते फोटॉन आपल्याही डोक्यावरच्या हवेत येऊन जिरत होते.

आणि ॲस्ट्रोसॅट त्या वेळी पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला होता. आड पृथ्वी. ६५० किलोमीटरवरून पृथ्वी केवढी दिसते हेही त्यांनी काढलं: आरपार १३० अंश, सगळ्या आकाशाचा २९ टक्के भाग. कोणताही क्षण घ्या, खालच्या कक्षेतल्या उपग्रहाला तेवढं आकाश आंधळं. स्विफ्ट उपग्रहालाही त्या वेळी पृथ्वीच आड आली होती. फर्मीवरचीच दुसरी दुर्बीण, एलएटी, दक्षिण अटलांटिकवरच्या भारित कणांच्या पट्ट्यापाशी आल्यामुळे बंद होती. जीबीएमची बंद होण्याची सीमा जराशी आत असल्याने ते चालू राहिलं. नशीब म्हणायचं तर हे.

पण न दिसणं वाया गेलं नाही. एवढा स्फोट ॲस्ट्रोसॅटच्या उघड्या आकाशात झाला असता तर तो दिसला असता. तो दिसला नाही, म्हणजे फर्मीच्या त्या लांबरुंद पट्ट्यातला उघडा भाग बाद. व्हर्गोचंही तसंच. लायगोच्या दोन्ही यंत्रांत ठसठशीत असलेला संकेत व्हर्गोत अगदी क्षीण होता, कारण स्रोत त्याच्या आंधळ्या दिशेच्या जवळ होता. नेमक्या त्या क्षीणपणामुळे शोधायचं आकाश ३१ चौरस अंशांपर्यंत आकसलं आणि टक्करीनंतर सुमारे ११ तासांनी चिलीतल्या स्वोप दुर्बिणीला दीर्घिकेत नवा ठिपका दिसला. क्ष-किरण नवव्या दिवशी सापडले, रेडिओ लहरी सोळाव्या. नाशिक-पुणे रस्त्यावर नारायणगावच्या आत, खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस तबकड्या आहेत. त्यांनाही सुरुवातीला काही मिळालं नाही. ती 'इतक्यापेक्षा जास्त तेज नाही' अशी मर्यादा म्हणून नोंदली गेली आणि पुढे तिथेही स्रोत दिसला. झोत तिरका होता याला या उशिराने बळ मिळालं.

मुलांनी मग फाइलीत एक वेगळा तक्ता घातला. उपकरण, त्या क्षणी ते कुठे पाहत होतं, आणि दिसलं नसेल तर का. सुरुवातीला मला तो फाजील वाटला होता. छापील प्रकल्पांत असा तक्ता कोणी घालत नाही, आणि तसं मी बोलूनही दाखवलं. मी चुकलो होतो. 'पाहिलं आणि नव्हतं' आणि 'पाहतच नव्हतो' या दोन ओळी वेगळ्या लिहिल्याशिवाय त्यांच्या हाती आलेल्या शून्याला काही अर्थच नव्हता. आयआयटी मुंबईचा 'दक्ष' हा प्रस्ताव याच दुखण्यावर आहे: पृथ्वीच्या दोन विरुद्ध बाजूंना दोन उपग्रह, म्हणजे एकाला पृथ्वी आड आली तरी दुसऱ्याला आकाश उघडं.

परीक्षेचा दिवस

बाहेरचे परीक्षक शांतपणे फाइल चाळत होते. मुख्य स्पंदनानंतर, म्हणजे मुलांना दिसलेल्या त्या अर्ध्या सेकंदाच्या सुळक्यानंतर, मऊ, कमी ऊर्जेचं एक शेपूट आहे, ते शोधनिबंधात सांगितलं आहे. त्याचं तापमान ऊर्जेच्या मापात दहा किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास. मुलांनी ते शोधायला १० ते ५० चा पट्टा वेगळा काढला होता. पण तिथे पार्श्वभूमी जास्त असते आणि ती नीट वजा करणं त्यांना जमलं नव्हतं. त्यांच्या हाती जेमतेम दोन सिग्मा आलं.

परीक्षकांनी चष्मा काढला. "शेपूट आहे असं सगळे म्हणतात. तुम्ही काय म्हणता?"

"पहिलं स्पंदन आम्हाला सापडलं, सर," सिन्नरची मुलगी म्हणाली. "शेपूट आमच्या विश्लेषणात सापडलं असं नाही म्हणता येणार."

"पण ते आहे हे तुम्हाला माहीत आहे ना?"

"वाचून माहीत आहे, सर."

त्यांनी पुढचं पान उलटलं.

यंदाच्या तुकडीने जीआरबी २११२११ए घेतला आहे. पन्नासेक सेकंद चाललेला, म्हणजे नियमाने दीर्घ, पण मागे न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टक्करीसारखी किलोनोव्हाची, म्हणजे टक्करीत उडालेल्या द्रव्याची, चमक सोडून गेलेला. दोन सेकंदांच्या सीमेची त्यानेच पंचाईत केली. उलट बाजूला जीआरबी २००८२६ए आहे, सेकंदभराचा असूनही दीर्घ स्फोटांसारखा ताऱ्याच्या कोसळण्यातून आलेला. तो पुढच्या वर्षी कोणी मागितला तर देईन. नव्या मुलांनी अजून एकही फाइल उतरवलेली नाही, पण लॅबच्या फळ्यावर कोपऱ्यात ओझरच्या त्या मुलाचं अक्षर आहे. तो एमएस्सीला गेला, मध्ये भेटायला आला होता तेव्हा लिहून गेला असावा: "१३ झेड. आपले संध्याकाळचे ६:४०. मिळवायचे, वजा नाही."